धुण्याची दोरी

नंदनवन वस्तीतल्या आमच्या बोळात धुण्याची एक दोरी आडवी बांधलेली असायची. ती ज्या बाईची, तिचं नाव मला कधीच कळलं नाही. हाडं ठिसूळ होऊन तिची पाठ वाकत चालली होती. डॉक्टरांनी कमरेला पट्टा, कॅल्शियमची इंजेक्शनं आणि अंथरुणावर पडून राहणं सांगितलं. पट्टा तिनं लुगड्यावरूनच आवळला, इंजेक्शनं घेतली. पडून राहणं साफ नाकारलं. दर दिवाळीला दोरीचा खिळा मात्र चार बोटं खाली ठोकायची.

एकदा मी म्हणालो, "आजी, द्या, मी वाळत घालतो."

"काहून गा? मले हात नाहीत का? मी खाली आली, तं दोरी बी खाली येईन!"

पुढे त्या दोरीखालून आम्ही सारे वाकून जायचो. मान न झुकवता जायची ती एकटीच.