आमेनच्या आधीचा घास

मुलगी आठ वर्षांची असताना तिला मधुमेह झाला आणि त्यानंतर आमच्या घरचा दिवस पहाटे साडेपाचला स्पिरिटच्या दिव्यापाशी सुरू होऊ लागला. मी तेव्हा अमरावतीच्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचा पाळक होतो. मंडळी सत्तावीस घरांची. उपासना, लग्नं, मयती आणि आजाऱ्यांच्या भेटी ही कामं होतीच, पण माझा जीव रमे तो तरुण संघात. संघात बावीस जण होते, तेरा मुलगे आणि नऊ मुली.

पहाटेचं काम ठरलेलं असे. काचेच्या नळीत निळं द्रावण, त्यात मुलीच्या लघवीचे आठ थेंब, आणि ते पाच मिनिटं उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा म्हणजे थोडी, पिवळा म्हणजे जास्त, आणि विटकरी झाला की मी आणि पत्नी एकमेकांशी न बोलता पुढच्या कामाला लागत असू. सुई बारीक दगडावर घासून, उकळून घ्यायची. इन्शुलिनची बाटली नागपूरहून येई. ती पितळी डबीत घालून माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवलेली असे. सकाळी दहा युनिट, दुपारी सहा, संध्याकाळी आठ. सुई टोचल्यापासून अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे, हे मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला तीन वेळा म्हणून दाखवायला लावलं होतं. अन्नाला उशीर झाला तर हेच औषध तिचा जीव घेऊ शकतं, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

सुई कुठे टोचायची ते मुलगी ठरवी. "काल उजवी मांडी झाली, आज डावी," असं म्हणून ती परकर वर घेई आणि छताकडे बघत बसे. रडत नसे. पत्नी सोनाराकडून आणलेल्या काट्यावर भाकरी तोलून तिच्या ताटात वाढी. भाकरीचा उरलेला तुकडा मी खात असे. त्या वर्षांत मी ज्वारीचे किती वेडेवाकडे तुकडे खाल्ले याची गणती नाही. आज ते आठवले की तोंडाला चव येते.

संध्याकाळी संघाची बैठक चालू असतानाही पावणेसात वाजता मी उठत असे. घर चारशे पावलांवर होतं. जाऊन, सुई देऊन, ती जेवायला बसलेली पाहून परत येईपर्यंत पोरांची दोन गीतं म्हणून व्हायची. उपदेश त्यामुळे आखूड होऊ लागला, आणि पोरांना ते आवडलं. एक जण, जो पुढे रेल्वेत लागला, सगळ्यांसमोर म्हणाला, "पाळकसाहेब, देवाले जग करायले सहा दिवस लागले, तुमी तं सहा मिनिटात उपदेश उरकून रायले." मी घड्याळ काढून त्याला दाखवलं की नऊ मिनिटं झाली होती. त्यावर जास्तच हसले.

संघात मी एक पद्धत पाडली होती. प्रार्थना एकट्या पाळकाने करायची नाही. एकाने सुरुवात करावी, मग शेजारच्याने, असं करत सगळ्या रांगेतून ती फिरावी आणि शेवटचं आमेन मी म्हणावं. तिला आम्ही साखळी म्हणत असू. कोणालाही वगळायचं नाही, हा माझा नियम. ज्याला बोलता येत नसे त्याने एक वाक्य म्हटलं तरी चाले. लाजरी पोरं याच साखळीतून बोलती झाली, आणि त्याचा मला अभिमान होता. दुसरा नियम आमच्या सगळ्याच घरांतला होता. आमेन झाल्याशिवाय अन्नाला हात लावायचा नाही. मुलगी पाच वर्षांची असताना मंडळीच्या जेवणात तिने आधीच पुरीचा तुकडा तोंडात घातला होता, तेव्हा मी तिला चारचौघांत तो बाहेर काढायला लावला होता.

ती नऊ वर्षांची झाली त्या हिवाळ्यात अकोल्याच्या तरुण संघाने आम्हांला बोलावलं. दिवसभराचा मेळावा, दुपारी एकत्र जेवण, संध्याकाळच्या गाडीने परत. मुलीने येण्याचा हट्ट धरला. पत्नीचं म्हणणं, तिला घरी ठेवा, जत्रेसारख्या गर्दीत तुमचं लक्ष राहणार नाही. मी कागदावर वेळापत्रक लिहून तिच्यापुढे ठेवलं. जेवण बारा वाजता, असं अकोल्याच्या पाळकांनी पत्रातच कळवलं होतं, म्हणजे सुई साडेअकराला. पत्नीने कागद वाचला आणि शिदोरी बांधायला घेतली.

बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही चौदा जण निघालो. मूर्तिजापूरला पोरांनी बोरं घेतली. मी मुलीला आठ बोरं दिली. एका पोराने माझी नजर चुकवून नववं तिच्या ओंजळीत टाकलं. तिने आठ खाल्ली आणि नववं माझ्या हातावर ठेवलं. पोरगा म्हणाला, "हे तं बापापेक्षा पक्की हाय." मला बरं वाटलं. मुलगी नियमाने वागते याचं मला त्या काळात फार कौतुक होतं.

अकोल्याच्या स्टेशनपासून देवळापर्यंत, म्हणजे तिथल्या चर्चपर्यंत, डफ वाजवत, गात चालत जायचं ठरलं होतं. मुलीसाठी मी टांगा बघत होतो, पण ती संघातल्या मोठ्या मुलींचा हात धरून पुढे निघूनही गेली होती. दीड मैल ती नाचतच चालली. चालण्यानेही अंगातली साखर खर्च होते, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशीच्या हिशेबात मी ते धरलं नाही.

साडेअकराला अकोल्याच्या पाळकांच्या घरात मी तिला सहा युनिट दिली. बाराला पाच कमी असताना घंटा झाली. देवळामागच्या कडुलिंबाखाली पंगत बसली. एकशे दहा पानं होती. मुलगी मुलींच्या रांगेत, मी समोरच्या रांगेच्या टोकाला. वाढायला वीस मिनिटं गेली. भात, वरण, वांग्याची भाजी, आणि इतरांच्या पानात शिरा. तिच्या पानात मी घरून आणलेली तोललेली भाकरी ठेवली. सव्वाबारा झाले होते. अजून फार उशीर नाही, असं मी मनात म्हटलं.

मग अकोल्याचे पाळक उभे राहिले. अमरावतीच्या पाळकांनी साखळी प्रार्थना सुरू केली आहे असं आपण ऐकलं, आज आपणही तीच करू, असं ते माझ्याकडे हात करून म्हणाले. दोन्ही संघांतले सगळे तरुण करतील, कोणाला वगळायचं नाही. मला संकोच वाटला, आणि आनंदही झाला. मी डोळे मिटले.

मी मोजत होतो. पहिल्या सात प्रार्थना माझ्या रांगेतल्या आमच्या पोरांनी केल्या. मग अकोल्याची मुलं सुरू झाली, आणि ती आमच्यापेक्षा लांबण लावणारी निघाली. तेरावा एक मुलगा होता. तो थांबत थांबत बोलला, आणि शेजारचे कुजबुजले की हा आजवर देवळात कधी तोंड उघडत नव्हता. माझे डोळे भरून आले. माझ्या पद्धतीचं चीज झालं असं वाटलं. सव्वाबारापासून किती मिनिटं गेली ते पाहायला मी खिशात हात घातला नाही. प्रार्थनेत घड्याळ काढणं बरं दिसलं नसतं. सतरा, अठरा, एकोणीस.

"पाळकसाहेब, डोळे उघडा."

आमच्या संघातली, शिक्षिका होण्यासाठी शिकणारी मुलगी माझ्या खांद्याला हात लावून उभी होती. प्रार्थना चालूच होती. ती हळू आवाजात म्हणाली, "पोरगी कशीशीच करून रायली."

मी पाहिलं. मुलगी मांडी घालून बसली होती. हात जोडलेले, डोळे अर्धे उघडे, अंगावरचं पोलकं घामाने भिजलेलं, आणि मान एका बाजूला लवत होती. पुढच्या पानात भाकरी जशीच्या तशी. डाव्या-उजव्या दोन्ही पानांत शिरा होता. मी तिच्यापर्यंत पोचलो तेव्हा तिचे दात घट्ट बसले होते आणि हाक मारली तरी ती माझ्याकडे बघत नव्हती. खडीसाखर माझ्या कोटाच्या खिशात होती, आणि ऊन म्हणून कोट मी आत खुंटीला टांगला होता. एवढी सावधगिरी बाळगणाऱ्या माणसाने ही चूक केली, हे मी लिहून ठेवतो.

चुलीपाशी चहासाठी गूळ फोडून ठेवला होता. शिकणाऱ्या मुलीने तो वाटीत कुस्करून पाणी घातलं. मी मुलीला कुशीवर वळवून गालाच्या आतून बोटाने तो पाक चोळत राहिलो. साखळी तुटली होती. एकशे दहा माणसं उभी राहिली होती. अकोल्याचे पाळक माझ्या शेजारी गुडघे टेकून वाटी धरून बसले. पहिल्यांदा तिने जीभ हलवली, मग गिळलं. पंधरा मिनिटांनी तिने मला ओळखलं. आणखी दहा मिनिटांनी भाकरी हातात घेतली.

मी विचारलं, जेवली का नाहीस, तुला बरं वाटत नव्हतं तर खायचं होतंस.

"आमेन कुठं झालं होतं, बाबा?" ती म्हणाली. "थरथर होऊन रायली होती. पण आमेनच नाई झालं, मंग कशी खाऊ? तुमीच तं सांगतलं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिची भाकरी संपेपर्यंत मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो.

परतीच्या गाडीत ती शिकणाऱ्या मुलीच्या मांडीवर झोपली. पोरं गात नव्हती. घरी पोचल्यावर नळीतलं द्रावण विटकरी झालं, गुळामुळे ते होणारच होतं. आता संध्याकाळची आठ युनिट द्यायची होती. मी पिचकारी भरली, आणि हात पुढे जाईना. दुपारी ज्या औषधाने ती माझ्यासमोर जात होती, तेच पुन्हा द्यायचं. दिलं नाही तरी ती जाणार होती, फक्त काही दिवसांनी. पत्नीला मी सगळं सांगितलं होतं. तिने आधी भाकरी तोलली, दुधाची वाटी भरली, ते ताट मुलीच्या मांडीशी ठेवलं आणि म्हणाली, "आता टोचा."

मुलीने डावी मांडी पुढे केली. मी टोचलं. मग नेहमीच्या सवयीने तिने हात जोडले. मी ते माझ्या हातांनी सोडवले आणि म्हटलं, तू आधी खा, प्रार्थना मी नंतर करतो. तिने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली.

रविवारी उपासनेनंतर मी हे सगळ्या मंडळीला सांगितलं, कोट खुंटीला होता तेही. एक वयस्कर गृहस्थ उठले. देवाचे आभार न मानता घास घ्यायची मुभा पाळकच देऊन राहिले तर पोरांनी काय शिकावं, असं त्यांनी विचारलं. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. मी इतकंच म्हणालो की ती जेवेल, आणि ती जेवली याबद्दल आपण आभार मानू. ते खाली बसले. पटलं की नाही, मी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात संघाचं जेवण आमच्या देवळाच्या आवारात झालं. पानं वाढून झाली. कोणी काही ठरवलेलं नव्हतं, पण एकाही पोराने हात जोडले नाहीत. बावीसच्या बावीस जण मुलीकडे बघत बसले. ते वयस्कर गृहस्थही पानावर बसून वाट बघत होते. तिने भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडाशी नेला आणि थांबली. तिचे कान लाल झाले.

"असे काहून पाहून रायले सगळे?" ती म्हणाली. "मले नाई खाता येत असं. डोळे मिटा न."

सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. तिने सावकाश, एकेक घास चावून, अर्धी भाकरी संपवली.