बिजागरी बाहेरच्या बाजूला

मंगळवार, १४ ऑक्टोबर. सहा दहाला उठले. नळाला पाणी पावणेसातपर्यंत. भाच्याने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तेवीस तारखेभोवती लाल गोल काढला. डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख आहे का विचारलं, तर म्हणाला, "नाही मावशी, खेळ येतोय." दुपारी दोन पत्रं टाकली. वर शिंपिणीकडे सहा पस्तीस ते सात पाच आरडाओरडा. दोनदा काहीतरी आपटलं. नंतर शिलाई मशीन सुरू झालं. भाच्याने कानांवर हेडफोन घातले होते. अंडी संपली.

मावशीच्या वहीतल्या या नोंदीतला लाल गोल ज्याने काढला त्या भाच्याला घराबाहेर सगळे दारमोड्या म्हणत. हे नाव त्याला पोलिसांच्या छापा पथकात मिळालं आणि नोकरी सुटली तरी सुटलं नाही. अकरा वर्षं तो पथकाची दारं फोडत होता. दोन मुठींचा सोळा किलोचा लोखंडी ओंडका घेऊन तो सगळ्यांच्या पुढे चालायचा. त्या ओंडक्याला पथकात 'सासरा' म्हणत, कारण तो दारात उभा राहिला की घरातल्या कुणाचं काही चालत नसे. दारमोड्याने कुलपाशी नेम धरून एक घाव घालायचा, दार पडलं की बाजूला व्हायचं, आणि मागून त्याचा जोडीदार आत शिरायचा. जोडीदाराच्या तोंडात सतत लवंग असायची, म्हणून तो लवंग्या.

सहा वर्षांपूर्वी, भर दुपारी, तिसऱ्या मजल्यावरच्या एका हिरव्या दारापुढे ते उभे होते. आत एकच माणूस होता आणि त्याच्याकडे पिस्तूल होतं. दारमोड्याने घाव घातला. दार थरथरलं, पण गेलं नाही. असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. त्याने दुसरा घाव घातला, चौकटीतून चुन्याची पूड उडाली. तिसऱ्यासाठी त्याने ओंडका मागे घेतला आणि त्याच क्षणी फळीला बोटाएवढं भोक पडलं. गोळी त्याच्या कानाजवळून गेली आणि लवंग्याच्या जबड्याखाली घुसली, छातीवरचं चिलखत जिथे संपतं तिथे. लवंग्या भिंतीला टेकून खाली बसला, जणू दमलाय. मग रक्त आलं. दारमोड्याने दोन्ही हातांनी त्याचा गळा धरला. बोटांच्या फटींतून रक्त येतच राहिलं, गरम आणि ठोक्याठोक्याने. आतून आणखी पाच गोळ्या आल्या. लवंग्या काहीतरी बोलायला बघत होता, पण गळ्यातून नुसता घोट अडकल्यासारखा आवाज निघत होता. चार मिनिटांनी तोही थांबला.

चौकशीत वरिष्ठांनी आरडाओरडा केला नाही. समोर फोटो ठेवला आणि एवढंच विचारलं, "बिजागऱ्या बाहेर होत्या. दिसल्या नाहीत?"

फोटोत तीन बिजागऱ्या होत्या, हिरव्या रंगातून चमकणाऱ्या. बिजागरी बाहेर असली की दार बाहेर उघडतं, आणि बाहेर उघडणारं दार आत ठोकलं तर घाव चौकटच खाते. पथकात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्याला बिजागऱ्या दिसल्या होत्या. त्याने त्या बघितल्या नव्हत्या.

त्यानंतर त्याने वर्दी उतरवली. बायकोने वर्षभर कळ काढली. पण ती चहा घेऊन आली तरी हा भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. शेवटी ती म्हणाली, "मी घरात चालते तेव्हा तुला छापा पडल्यासारखं वाटतं. मी तरी किती दिवस चवड्यांवर चालू?" आणि माहेरी गेली. मावशीचे यजमान त्याच सुमारास वारले होते. तिने एक खोली रिकामी करून दिली आणि काही विचारलं नाही. ख्रिस्ती नन्सच्या शाळेत शिकलेल्या मावशीला लहानपणीच वळण लागलं होतं: काय घडलं ते वेळेसकट लिहायचं, काय वाटलं ते आपल्यापाशी ठेवायचं.

आता तो सुताराच्या कारखान्यात दारं बसवायचं काम करी. कुठल्याही घरी गेला की आधी बिजागरीला हात लावी, लोक देवाला लावतात तसा.

आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर खेळे. चौघांनी मिळून इमारतीत शिरायचं, खोली-खोली तपासत ओलिसांना सोडवायचं, असा तो खेळ. त्याच्या टोळीत एक दातांचे डॉक्टर होते, शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई होत्या, आणि एक जण कधीच बोलत नसे. कुणी कुणाला पाहिलं नव्हतं.

"डॉक्टर, थांबा. कोपरा बघू द्या," दारमोड्या सांगे.

"अहो, किती थांबायचं? माझे पेशंट तोंड उघडून बसलेत तिकडे!" आणि डॉक्टर आत घुसत. धाड, धाड. भिंतीवर लाल शिंतोडा. "गेलो वाटतं."

"एकटे नाही गेलात, ओलिसालाही घेऊन गेलात," गणिताच्या बाई म्हणत. "डॉक्टरांना शून्य. आणि आगाऊपणाचे दोन वजा."

पण या जुन्या खेळात कुठलंही दार एका लाथेत पडे. बिजागरी नुसती रंगवलेली असायची. नवा खेळ तसा नव्हता. तो करणाऱ्यांनी सहा मिनिटांची एक फीत दाखवली होती. तीत एक माणूस बंद दारापुढे बसतो, बिजागरीवर बोट ठेवतो आणि म्हणतो, हे बाहेर उघडतं, हे ठोकून उपयोग नाही. दारमोड्याने ती फीत तीसेक वेळा बघितली असेल. चौथ्या मिनिटाला त्याच्या हाताला घाम सुटे.

"नव्या खेळात पहिलं काय करणार तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"एक दार उघडणार."

"एवढंच?"

"एवढं जमलं तरी पुष्कळ झालं."

वरच्या मजल्यावर शिंपीण आणि तिचा नवरा राहत. नवरा ट्रक चालवायचा. सप्टेंबरात तो कारखान्यात आला होता. "आपल्याला जाडजूड दार पाहिजे. लाथ घातली तरी हलता कामा नये."

"लाथ कोण घालणार आहे?" मिस्त्रीने हसून विचारलं.

"जगाचा काय भरवसा, मिस्त्री!"

दारमोड्यानेच ते दार बसवलं. आतल्या बाजूला शिंपिणीचं मशीन होतं, म्हणून ते बाहेर उघडणारं केलं. तीन बिजागऱ्या बाहेर आल्या. आतून वर, खाली आणि मध्ये असे तीन बोल्ट बसवले. शिंपिणीने चहा दिला तेव्हा तिच्या झग्याची बाही बोटांपर्यंत ओढलेली होती, एवढ्या उकाड्यात. बाही त्याला दिसली. त्याने तीही बघितली नाही.

आरडाओरडा वाढला तेव्हा तो एकदा वर गेला होता. नवरा दारातच दात काढत उभा राहिला. "काय रे दारमोड्या, आता काय मोडायला आलास?" मागून ती म्हणाली, "पडले हो मी. आमचं आम्ही बघू." तो उतरून खाली आला. त्या दिवसापासून तो हेडफोनचा आवाज चढवू लागला. मावशी वेळ लिहीत राहिली.

तेवीस तारखेला, गुरुवारी, तो चारलाच घरी आला. खेळ पाच वाजता सुटणार होता.

"नव्वद जीबी म्हणजे किती रे?" मावशीने दारातून विचारलं.

"ट्रकभर सामान समज."

पाच चाळीसला पडद्यावरची डाउनलोडची पट्टी एक्क्याण्णव टक्क्यांवर होती. डॉक्टरांनी दवाखान्याला कुलूप घातलं होतं. "दोन दाढा उद्यावर ढकलल्या," ते कानात सांगत होते. "लोकांना म्हटलं, दुखलं तर लवंग धरा."

दारमोड्याने हात पँटला पुसले. त्याने एका कानावरचा हेडफोन सरकवला. छतातून मशीनची टकटक येत होती. ती शिवणीच्या मधेच थांबली. मग जे पडलं ते भांडं नव्हतं. मशीनच पडलं होतं, लोखंडासकट, छताचा पोपडा सुटण्याइतक्या जोराने. एक किंकाळी आली आणि अर्ध्यात तुटली. तिच्यामागून बारीक, घोट अडकल्यासारखा आवाज आला.

तो आवाज त्याने सहा वर्षं रोज ऐकला होता. हेडफोन टेबलावर पडले. आत डॉक्टर एकटेच बोलत राहिले.

मावशीच्या हातात फोन होता. "पोलिसांना सांगितलं. चाळीस मिनिटं लागतील म्हणतात."

"तिच्याकडे चार आहेत." त्याने हत्यारांच्या पिशवीतून हातोडी आणि एक जाड खिळा घेतला. मग थांबला. "मावशी, येशील?"

"मी?"

"मला जोडीदार लागेल."

तिने चष्मा सारखा केला आणि स्लिपरांतच जिना चढली.

वर त्याने तिचा दंड धरून तिला बोल्टच्या बाजूला भिंतीशी उभं केलं. "दारासमोर यायचं नाही. काही झालं तरी नाही. इथून हाताने ठोकायचं आणि बोलत राहायचं. थांबायचं नाही." स्वतः पलीकडच्या बाजूला गुडघ्यांवर बसला आणि खालच्या बिजागरीवर बोट ठेवलं.

"दार उघडा," मावशीने ठोकलं. "मी खालची मावशी. मी सगळं ऐकते आहे."

"चल निघ, म्हातारे!"

"आज सहाव्या मिनिटाला आहात तुम्ही. परवा पंचवीस मिनिटं होतात. माझ्याकडे लिहिलेलं आहे." ती ठोकत राहिली. तिच्या प्रत्येक थापेबरोबर तो एक घाव घालत होता. खिळ्याने खालच्या बिजागरीची खीळ वर सरकली, निघाली. मग मधली.

"भाच्याला आणलंस होय?" आतला आवाज दाराजवळ आला, मावशीच्या बाजूला. "दारमोड्या! तूच बसवलंस ना दार? तोड! तोड बघू! येतोस की तुझ्या त्या मित्रासारखं कुणाला पुढे घालतोस?"

वरची खीळ अडली. आपणच मापात घट्ट बसवली होती. त्याने दात खाऊन घाव घातला, अंगठ्याची कातडी सोलली, खीळ निसटली आणि जिन्यावरून टणटणत खाली गेली. त्याने फटीत हातोडीचा पंजा घातला आणि दार बिजागऱ्यांच्या बाजूने ओढलं.

नवरा बोल्टकडे तोंड करून उभा होता. जॅकचा दांडा त्याने खांद्यावर उगारला होता, दार उघडेल तिथे हाणायला. पण दार त्याच्या पाठीमागून उघडलं. शिंपीण मशीनखाली होती. गळ्याभोवती मापाची टेप आवळलेली होती, ओठ निळे पडले होते. दारमोड्या आत शिरेपर्यंत नवरा वळला आणि दांडा बसला. आपल्या गळ्याजवळचं हाड मोडल्याचं दारमोड्याने ऐकलं, सुकी काटकी मोडावी तसं. दुसरा घाव त्याने हातोडीवर घेतला. तिसरा येण्याआधी हातोडी नवऱ्याच्या मनगटावर उतरली. दांडा पडला. गुडघ्यावर लाथ बसली आणि माणूस कोसळला. दारमोड्या त्याच्या छातीवर बसला आणि चालत असलेल्या एकाच हाताने त्याच्या तोंडावर मारत सुटला. नाक फुटलं. एक दात जमिनीवर घरंगळत गेला. नवऱ्याने मोडका हात तोंडावर घेतला. "बास! बास रे! नको!"

दारमोड्याने हातोडी उचलली. कपाळ समोर होतं. हात डोक्यावर गेला.

शिंपीण मशीनखालून निसटून, गळ्यातली टेप सोडवत, रांगत बाहेर निघाली होती. मावशी तिला धरायला वाकली होती, नेमकी दाराखाली. दार आता नुसत्या बोल्टांवर लटकत होतं. वरचा बोल्ट चौकटीतून कुरकुरला.

"अरे, दार!" मावशी ओरडली.

हातोडी कुठे पडली ते त्याला नंतरही आठवलं नाही. एका ढांगेत तो उंबऱ्यात होता. बोल्ट उपटून आला आणि पंचेचाळीस किलो लाकूड त्याच्या धड असलेल्या खांद्यावर आलं. तो खाली गेला नाही. दोघी त्याच्या पोटाशी, दाराच्या सावलीत बसल्या होत्या. शिंपीण खोकत होती. प्रत्येक खोकल्यामागून श्वास येत होता.

"सरका," तो म्हणाला. "हळू सरका. माझ्याने फार वेळ धरवणार नाही."

पोलीस आले तेव्हा नवरा कोपऱ्यात मनगट मांडीत घेऊन रडत होता. निरीक्षकाने जिन्यात जमलेल्या शेजाऱ्यांना विचारलं, "किती दिवस चाललंय हे?" सगळे छताकडे बघू लागले. मावशी खाली गेली आणि या वर्षाची वही घेऊन आली.

"एकोणीस वेळा. पहिली नोंद तीन मार्चची. मिनिटं पुढे लिहिली आहेत."

निरीक्षकाने पानं उलटली. "इतकं नीट लिहिलंत, बाई. मग कळवलं का नाहीत?"

मावशीने चष्मा काढला, पुसला, पण परत घातला नाही.

इस्पितळातून परतायला साडेआठ वाजले. दारमोड्याचा डावा हात गळ्यात बांधला होता. शिंपिणीचा आवाज बसला होता, पण तिने मशीनची चौकशी केली: चाक वाकलंय का? खोलीत पडदा उजळलेलाच होता, पट्टी शंभरावर. हेडफोनमधून आवाज येत होता. "अहो, आहात कुठे? मी सातव्यांदा मेलोय!"

त्याने हेडफोन एका कानाला लावला. "आहे. पडलो होतो जरा."

"दार उघडलंत का तुमचं?" बाईंनी विचारलं.

त्याने खुर्ची मागे सरकवली. "तुम्ही खेळा. डॉक्टरांना सांगा, आत घुसण्याआधी बिजागऱ्या बघा. नुसत्या दिसतात तशा नाही. नीट बघा." आणि त्याने पडदा बंद केला.

मावशी जेवणाच्या टेबलाशी लिहीत होती. तारीख, उठण्याची वेळ, नळाचं पाणी. त्यानंतर तिने लिहिलं:

शिंपीण माझ्या खोलीत झोपेल. तिच्या घराला आज दार नाही, म्हणून निळ्या काठाची जुनी चादर लावून दिली. चार खिळे लागले.