लिहिलंय ते वाचा

आउटपुट पुन्हा शून्य आलं. स्क्रीनवर सरळ, सपाट रेघ. मी परत रन दाबलं. परत तीच रेघ.

सर्किट अगदी साधं होतं. बोटाला चिमट्यासारखं लावून नाडी बघायचं यंत्र असतं ना, त्याचा हा पहिला टप्पा. बोटातून आलेला उजेड सेन्सरवर पडतो आणि त्यातून अगदी नगण्य करंट निघतो. ऑप-अ‍ॅम्प नावाची चिप आणि तिला जोडलेला फीडबॅकचा रेझिस्टर, दोघं मिळून त्या करंटचं मोजता येईल असं व्होल्टेज करतात. रेझिस्टर जितका मोठा, तितकं आउटपुट मोठं. बोर्ड बनवण्याआधी हे कॉम्प्युटरवर चालवून बघायचं, त्याला सिम्युलेशन म्हणतात. कॉलेजची पोरं करतात असलं काम. मी तर आयुष्यभर केलं.

रोहन, माझा सध्याचा साहेब, कॉलवर आला. मुलगा गुणी आहे, फक्त कायम घाईत असतो.

"मॅम, संध्याकाळी रिव्ह्यू आहे. होत नसेल तर राहू द्या, मी इथल्या टीमला देतो."

"होईल."

"टेन्शन नका घेऊ हां." आणि कॉल कट.

टेन्शन होतंच. रिटायर झाल्यावर मिळालेलं हे घरबसल्याचं काम. पैशांसाठी करत नव्हते. यजमान गेले, लेक परदेशात. बोळिंजच्या या फ्लॅटमध्ये लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की मी कान टवकारते, आणि दार शेजारचं उघडतं. हे काम गेलं तर दिवसभरात मला हाक मारणारं कोणी उरणार नव्हतं. 'मॅम' तर 'मॅम', हाक ती हाक.

सपाट रेघ दिसली की आधी चिपला सप्लाय दिलाय का ते बघायचं. दिला होता. ग्राउंड जोडलंय का? जोडलं होतं. चिपचे प्लस-मायनस उलटे लागलेत का? नाहीत. मग मी चिपवरच संशय घेतला. नाचता येईना अंगण वाकडं. चिप बदलून दुसरी टाकली. ती माझ्याहून हट्टी निघाली.

ऑफिसात असं अडलं की आम्ही वाचन लावायचो. आम्ही म्हणजे मी आणि समोरच्या टेबलावरचे राऊत. सर्किट मी कागदावर काढायचे, टाइप ते करायचे. मग एकाने स्क्रीनवरचं मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कागदावर टिक करायचं. बाकीचे त्याला आमचं पारायण म्हणायचे. रिटायर होऊन राऊत नंदाखालला आपल्या वाडीत गेले, नारळ-केळींत. इथून रिक्षाने जाता येईल इतकं जवळ. पण कामाशिवाय फोन करायची आमच्यात रीतच नव्हती, आणि काम तर संपलं होतं.

आधी एकटीच मोठ्याने वाचू लागले. रिकाम्या घरात आपलाच आवाज ऐकून कसंसंच झालं. मग फोन उचलला.

"कोण, सावंतबाई?" मागे पाण्याची मोटर धडधडत होती. "थांबा, बंद करतो. हं, काय अडलंय?"

"ऑप-अ‍ॅम्प. आउटपुट शून्य येतंय. सांगायची लाज वाटते, राऊत."

"लाज नंतर. वाचा."

वाचायला लागले. सप्लाय पाच व्होल्ट. सेन्सर प्लस-मायनसच्या मधे. फीडबॅकला वन मेग.

"असं लिहिलंय?"

"मग? वन मेगच हवाय. दहा लाख ओहम."

"हवंय ते नको. लिहिलंय ते वाचा. अक्षर न् अक्षर."

"एक... एम." आणि माझी जीभ तिथंच अडली.

कागदावर आम्ही मेगसाठी मोठा एम काढतो. छोटा एम म्हणजे मिली, हजारावा भाग. या सॉफ्टवेअरला लहान-मोठं काही कळत नाही. कुठलाही एम त्याला मिलीच. मेग हवं तर एम-ई-जी असं पूर्ण टाइप करावं लागतं. हे मला ठाऊक होतं. बोटांना ठाऊक नव्हतं, कारण टाइप करणारी बोटं कायम राऊतांची होती. दहा लाख ओहमच्या जागी मी एका ओहमचा हजारावा भाग टाकला होता. म्हणजे जवळजवळ नुसती तार. आउटपुट येणार कुठून?

"सापडलं?"

"सापडलं."

"मी टेबल काय सोडलं, तुम्ही पार बिघडलात."

मी हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. असं टोचून बोलणारं माणूस किती दिवसांत भेटलं नव्हतं.

"आणखी काही वाचायचंय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं."

तरी थोडा वेळ दोघंही फोन धरून होतो. मग तिकडे मोटर सुरू झाली.

दोन अक्षरं वाढवली, रन दाबलं. स्क्रीनवर नाडीची लाट उठली. रिव्ह्यूत कोणी काही विचारलंसुद्धा नाही. रोहन "ग्रेट, मॅम" म्हणाला आणि पुढचं सर्किट पाठवलं.

धडा एवढाच, की एकटं माणूस लिहिलेलं वाचत नाही, मनातलं वाचतं.

पुढचं सर्किट पहिल्याच रनला चाललं. तरी नंदाखालला फोन लावला.

"काय अडलंय?"

"काहीच नाही."

पलीकडची मोटर बंद झाली.

"मग वाचा," राऊत म्हणाले.