झिरपगडचा किल्लेदार

काशिनाथ गेल्याचं मला अकराव्या दिवशी कळलं, तेही खोपोलीच्या एस.टी. स्टँडवर. रसायनीला जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभा होतो. माथेरानला घोडा चालवणारा एक तोंडओळखीचा माणूस समोरून आला, घुटमळला आणि म्हणाला, "काशीभाऊ गेले की. कावीळ उलटली. तुमाला सांगावा नाय आला?" मी नुसता बघत राहिलो. आपला माणूस चुकला असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानं जरा जवळ येऊन विचारलं, "तुमीच ते दिवाण न्हवं? झिरपगडचे?" भर स्टँडवर त्यानं मला ज्या नावानं ओळखलं, ते नाव मी तीन वर्षांपूर्वी स्वतःहून टाकून दिलं होतं. मी मान हलवली. माझी गाडी आली आणि गेली. मी चढलो नाही...

झिरपगड आमच्या जिल्ह्याच्या नकाशात नाही. तो काशिनाथनं आणि मी मिळून बांधला, शाईनं. माझं गाव खालापूरच्या बाजूचं. घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं, म्हणून हायस्कुलासाठी मला कर्जतला मामांकडे ठेवलं. काशिनाथ पळसदरीचा. तो रुळाच्या कडेकडेनं चालत शाळेत यायचा. आठवीत मराठीच्या सरांनी पत्रलेखनाला विषय दिला : तुम्ही एका संस्थानचे अधिकारी आहात अशी कल्पना करून वरिष्ठांना पत्र लिहा. आम्ही सगळ्यांनी 'आपला आज्ञाधारक' पर्यंत एकसारखी पत्रं लिहिली. काशिनाथनं लिहिलं ते एका किल्लेदाराचं पत्र होतं. गडावरचं टाकं गळतंय, खाली उतरून पाणी आणणारे कोळी ताप येऊन पडलेत, चाळीस माणसं पाठवा, नाहीतर गडाच्या किल्ल्या घेऊन मीच खाली येतो. सर हसले, पण नऊ गुण दिले. मधल्या सुट्टीत मी गमतीनं त्याच्या वहीत खाली उत्तर लिहिलं : 'चाळीस माणसे मिळतील. आधी पाणी कोठे गळते ते कळवावे. दिवाण त्र्यंबकराव.' दुसऱ्या दिवशी माझ्या डब्याखाली चिठ्ठी होती, गळतीच्या नकाशासकट. गडाचं नाव त्या गळतीवरूनच पडलं. तो किल्लेदार हैबतराव, मी दिवाण त्र्यंबकराव. असं पुढे वीस वर्षं चाललं.

दहावीनंतर त्याची शाळा सुटली. वडील आंब्यावरून पडून अंथरुणाला खिळले आणि काशिनाथ माथेरानच्या एका हॉटेलात कामाला लागला. मी अकरावी झालो आणि पुण्याला कॉलेजात गेलो. वर्गातल्या चिठ्ठ्यांची पोस्टकार्डं झाली. हंगामात कार्ड माथेरानहून यायचं, दुपारी पाहुणे झोपल्यावर व्हरांड्यात बसून लिहिलेलं. पावसाळ्यात हॉटेल बंद झालं की तो लावणीला घरी जायचा आणि कार्ड पळसदरीहून यायचं, कडेला चिखलाचा अंगठा असलेलं. त्याचे दोनच नियम होते आणि ते तो फार कडक पाळायचा. एक, दुसऱ्याच्या माणसाचा हात आपण हलवायचा नाही. हैबतरावानं दिवाणांकडे रागानं पाहिलं असं तो लिहील, पण दिवाण घाबरले असं कधीच लिहिणार नाही. घाबरायचं की नाही ते मी ठरवायचं. दुसरा, पत्र नुसतं उत्तर देऊन संपवायचं नाही, पुढच्याला काहीतरी काम ठेवायचं. मी एकदा आळसानं 'सर्व क्षेम आहे' एवढंच लिहून पाठवलं, तर सुट्टीत भेटल्यावर म्हणाला, "मध्या, असं बूच मारून ठेवलंस तर मी काय करू रं? क्षेम हाय तर मग पत्र कशाला? कुनीतरी दारात उभं कर की, चोर तरी, नायतर मेव्हना तरी!"

त्याच्या आईचा आणि या खेळाचा संबंध माझ्या एका चुकीनं जुळला. आमच्याकडे प्रत्येक पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहितात. फक्त मरणाची बातमी असेल तर लिहीत नाहीत, आणि ते कार्ड वाचून झालं की फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला वाटलं, झिरपगडाचा एक सरनोबत लढाईत पडावा. सगळं खरं वाटावं म्हणून मी 'श्री' गाळलं आणि लिहिलं, 'सरनोबत यशवंतरावांस काल पहाटे देवाज्ञा झाली. पुढील व्यवस्था कळवावी.' कार्ड पळसदरीला गेलं. काशिनाथ माथेरानला. पोस्टमननं माथ्यावर श्री नाही एवढंच पाहिलं आणि ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचलं. काशिनाथच्या आईचा सख्खा भाऊ यशवंत बदलापूरला असायचा. तिनं तिथेच हंबरडा फोडला. डोक्यावरून आंघोळ झाली, शेजारच्यांनी पिठलं-भाकरी आणली, आणि घरातले दोघं मातीला म्हणून बदलापूरला निघाले. यशवंतमामा दारात बसून दाढी करत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्या मातीला आलात ना? मग आता जेवूनच जा."

पुढच्या सुट्टीत मी भीतभीत त्यांच्या घरी गेलो. काशिनाथची आई चुलीपुढून उठली. मला वाटलं, आता फुंकणी पाठीत बसते. ती म्हणाली, "मेल्या, माज्या भावाला मारलास! आता उठीव त्याला." मी म्हटलं, "अहो, तो खोटा यशवंत होता." "खोटा असंल, नायतर खरा असंल. नाव त्याचं हाय. आदी उठीव, मग च्या." काशिनाथनं तिथेच तिच्यासमोर कार्ड लिहिलं : सरनोबतांस घाव लागून मूर्च्छा आली होती, वैद्याने झाडपाल्याचा रस देऊन उठविले. माथ्यावर 'श्री' जरा मोठंच काढलं. तेव्हापासून मी गेलो की तिचा पहिला प्रश्न असायचा, "सरनोबत बरा हाय न्हवं?" आम्ही पुढे गडावर देवीची साथ आणली, दुष्काळ आणला, दोन फितुरांचा कडेलोट केला, पण सरनोबताच्या केसालाही धक्का लावला नाही. आमच्या कागदावर तो धडधाकट असेल तोवर आपल्या भावाला काही होत नाही, असं ती माउली धरून चालली होती.

पुण्यात पहिल्या वर्षी मी रसायनशास्त्रात नापास झालो. वसतिगृहातली मुलं आपसात भरभर इंग्रजी बोलायची आणि मी जेवायला सगळ्यांच्या नंतर जायचो. मी ट्रंक बांधली. घरी काय सांगायचं तेही ठरवलं होतं. त्या आधी काशिनाथला मी काही स्पष्ट लिहिलं नव्हतं, कारण कार्डात स्वतःचं रडगाणं चालत नसे. दिवाण परमुलखातल्या दरबारी आहेत, तिथली भाषा त्यांना उमगत नाही, परत येण्याचं मनात आहे, एवढंच लिहिलं होतं. त्याचं उत्तर मला आजही पाठ आहे. 'दिवाणसाहेब परतल्यास गडाचे दरवाजे उघडणार नाहीत. त्या दरबारची विद्या घेऊन याल तर मी स्वतः पायथ्याशी उतरून येईन. तूर्त तेथील मुदपाकखान्यात काय शिजते ते सविस्तर कळवावे, आमचे आचारी विचारतात.' मी वसतिगृहातल्या आमटीवर दोन कार्डं लिहिली आणि ट्रंक सोडली. ज्याची स्वतःची शाळा दहावीत सुटली, त्यानं मला पदवीपर्यंत ढकलत नेलं, आणि एकदाही 'अरे, शीक' असं म्हटलं नाही. पदवीदान होऊन मी घरी आलो तेव्हा तो खरोखरच पळसदरी स्टेशनच्या पायऱ्या उतरून खाली उभा होता. हातात हॉटेलातून आणलेलं चिक्कीचं पुडकं. म्हणाला, "चला दिवाण, गड उघडा हाय."

मग मला रसायनीच्या एका कारखान्यात नोकरी लागली. लग्न झालं, मुलं झाली, मी प्रयोगशाळेत साहेब झालो. कार्डं चालू होती, पण माझी उत्तरं तोकडी होत गेली. एक दिवस त्याचं कार्ड घरच्या पत्त्याऐवजी कारखान्याच्या पत्त्यावर आलं. ते टेबलाटेबलावरून फिरून माझ्याकडे पोचेपर्यंत सगळ्यांचं वाचून झालं होतं. एकजण उठून मुजरा करून म्हणाला, "दिवाणसाहेब, टाक्याच्या गळतीचा नमुना तपासायला पाठवायचा का?" सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन मात्र मी कार्ड लिहिलं, माझ्या खऱ्या नावानं : 'प्रिय काशिनाथ, आता आपण मोठे झालो. हा पोरखेळ पुरे. तुझी व घरची खुशाली कळवावी. तुझा, मधुकर.' आठ दिवसांत उत्तर आलं. 'दिवाणांच्या नावे कोणा तोतयाचे पत्र गडावर पोचले. अक्षर हुबेहूब आहे, पण दिवाण असे लिहिणार नाहीत. तोतयास शोधून काढावा.' त्यानं माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. मी आत गेलो नाही. रसायनीपासून पळसदरी किती लांब... सकाळी निघालं तर दुपारचं जेवण तिथे. तीन वर्षांत मी गेलो नाही. त्याला किती लागलं असेल, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. स्टँडवरून घोडेवाला निघून गेल्यावर तो प्रश्न पहिल्यांदा माझ्यासमोर उभा राहिला, आणि त्याचं उत्तर देऊ शकणारा माणूस आता नव्हता.

तेरावं उलटल्यावर गेलो. यमुनावहिनींनी, म्हणजे काशिनाथच्या पत्नीनं, "या भावजी" एवढंच म्हणून चटई टाकली. काशिनाथची आई कुठे दिसेना म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "त्यांना जाऊन दोन वर्सं झाली की." वहिनी आत गेल्या आणि एक जाडजूड रजिस्टर घेऊन आल्या, हॉटेलातलं पाहुण्यांची नावं लिहायचं, कोरं उरलेलं. "हे तुमचं हाय. ते म्हयन्यातनं एकदा घेऊन बसायचे. मी म्हनायची, ज्याचं उत्तर येत नाय त्याला कशापायी लिवता? तर म्हनायचे, अगं, त्याची पाळी हाय. त्याला येळ लागतो."

मी उघडलं. उजवी पानं हैबतरावाच्या अक्षरानं भरलेली. समोरचं प्रत्येक डावं पान कोरं, वर फक्त 'दिवाण त्र्यंबकराव' एवढं लिहून ठेवलेलं. माझ्या माणसाचा हात त्यानं तीन वर्षांत एकदाही हलवला नव्हता. आणि उजव्या पानांवर काय होतं? गडावरचे लोक विचारतात, दिवाणांचं पत्र का नाही, आणि किल्लेदार त्यांना दर महिन्याला नवं कारण देतो. घाट दरडीनं बंद आहे. जासूद सासुरवाडीला जाऊन बसला. नावाडी दारू पिऊन झोपला आणि नाव आपली आपण पलीकडे गेली. दिवाणांच्या हाताला गळू झालं आहे, अक्षर गिरवता येत नाही. तो खेळ एकटा कसा खेळत राहिला असेल, कंटाळला कसा नाही, हे मला त्या कारणांवरून कळलं. एकही कारण त्यानं दुसऱ्यांदा वापरलं नव्हतं. एका पानावर चारच ओळी होत्या. 'आऊसाहेब गेल्या. शेवटी सरनोबतांची खुशाली विचारीत होत्या. दिवाणांस कळविले नाही. ते आले असते, पण तोतया म्हणून आले असते, आणि मला दिवाण हवे होते.'

मी रजिस्टर घरी नेऊ का, असं विचारलं. वहिनी म्हणाल्या, "नाय. घराभायेर नाय जायचं ते. हितं बसून लिवा." म्हणून आता सुट्टीच्या दिवशी मी पळसदरीला जातो. पहिल्या डाव्या पानावर मी लिहिलं, 'दरडीमुळे घाट बंद होता, त्यामुळे येणे झाले नाही.' वहिनींना वाचता येत नाही, पण काशिनाथ त्यांना सगळं वाचून दाखवायचा, म्हणून मीही वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "तो घाट त्यांनी बंद केलता, दिवाण. तुमचं तुमी लिवा." मग मी ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'घाट उघडाच होता. दिवाण निघाले नाहीत. लाज वाटली.' तेही वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, सूप जरा झटकलं आणि म्हणाल्या, "आता म्होरं इचारा कायतरी. नुसतं उत्तर त्यांना आवडायचं नाय."

मी खाली लिहिलं, 'गडावर सध्या कोण आहे ते कळवावे,' आणि वाचून दाखवलं. वहिनींनी बाहेर पाहिलं. मग पदर नीट केला.

"लिवा," त्या म्हणाल्या. "गडावर मी हाय."

मी काशिनाथच्या शेवटच्या पत्रापुढचं कोरं उजवं पान काढलं, आणि त्या सांगतील तसं लिहू लागलो.