"काहून?" विचारणारं कोण होतं?

आधीच सांगते, आमच्या घरात भूत हा शब्द काढला तरी बाबा चिडतात. पणजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची सगळं मागे सोडलं, हे आम्ही मोठ्या अभिमानानं सांगतो. त्यात मी एमबीबीएसची विद्यार्थिनी. असले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. आता तुम्ही हसा... चालेल मला.

गोष्ट मागच्या उन्हाळ्यातली, जरीपटक्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरातली. फर्स्ट इयरला मी ॲनाटॉमीत आपटले होते. बारावीपर्यंत पहिला नंबर सोडला नव्हता आणि इथे तोंडी परीक्षेत, म्हणजे व्हायव्हात, उजवं-डावं सांगता येईना. सप्लिमेंटरी तोंडावर आली होती. तीही गेली असती तर माझी बॅच पुढे आणि मी ज्युनियर्सच्या बाकावर. माझा अभ्यास म्हणजे चार रंगांचे हायलायटर आणि दुप्पट स्पीडनं पाहिलेले व्हिडिओ. आमच्या एका मॅडमनी माझी वही चाळली आणि म्हणाल्या, "रंगकाम छान आहे. आता पुस्तक बंद कर आणि कुणाला तरी शिकव."

कुणाला शिकवणार? घरात होती आई. ती साड्यांना फॉल-पिको करून देते, शिक्षण आठवीपर्यंत. रोज चार ते सहा मी भिंतीवरच्या बोर्डाकडे तोंड करून उभी राहायची, ती मागे दिवाणावर साडी घेऊन बसायची. पुस्तकही दिवाणावरच, म्हणून मागे वळायचं नाही हा माझाच नियम. आईला काम एकच — समजलं नाही की "काहून?", म्हणजे "का?", विचारायचं.

या एका "काहून"नं मला खरंच सुधारलं. ही नस इथून जाते. काहून? हा स्नायू इथेच चिकटतो. काहून? जिथे मी घोकलेलं फेकायची, नेमका तिथेच प्रश्न यायचा. महिनाभरात मी पाठांतर सोडून विचार करायला लागले. आईला एवढं कसं कळतं, याचं कौतुक वाटायचं. कूलर लागला की आमच्याकडे एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं, पण तो "काहून" मात्र हळू असूनही स्पष्ट ऐकू यायचा. तेव्हा ते खटकलं नाही.

हाडांचा सेट माझ्याकडे एका सिनियर ताईकडून आला होता, तिला तिच्या सिनियरकडून. खरी हाडं, माणसाची. प्रत्येक बॅच त्यांवर मार्करनं काहीतरी लिहून ठेवते. त्यातल्या कॉलरबोनवर, म्हणजे गळ्याखालच्या हाडावर, ठळक 'R' लिहिलेलं होतं. राइट, उजवं. हे सगळं मी कापडी पिशवीत घालून चपलांच्या रॅकवर ठेवायची. आज याची लाज वाटते.

परीक्षेला आठ दिवस उरले होते. बाहेर रणरणतं ऊन. मी ते हाड गळ्याशी धरून बोर्डाला सांगितलं, "हे उजवीकडचं."

मागून आवाज आला, "डावं."

मी हसले. "आई, तुला काय कळतं गं त्यातलं?"

"माह्यंच हाय ते. मले नाई कळन तं कोनाले कळन?"

आवाज बाईचा होता, पण आईचा नव्हता. मी वळले. दिवाणावर कुणीच नव्हतं. आईची साडी नीट घडी करून ठेवलेली होती. दाराकडे धावले, तर कडी बाहेरून लावलेली. हातातलं हाड खाली ठेवायचीही भीती वाटत होती. भिंतीला पाठ लावून मी सहापर्यंत तशीच बसून राहिले.

सहाला आई आली.

"तू कधी गेली होतीस?"

"रोजच तं जाते नं वं मी," ती म्हणाली. "तू सुरू झाली का खाली काकूकडे मशीनवर जाते. तुले डिस्टर्ब नको म्हून. कडी लावून जाते, कोनी येईन मंधातच तं. सहा वाजले का येऊन बसते."

"मग मला 'काहून' कोण विचारत होतं?"

"पहिले चार-पाच दिवस इचारलं मी. मंग कायले इचारू? तू तं एकटीच बोलून राहते."

आम्ही दोघींनी पुस्तक उघडून ते हाड ताडून पाहिलं. जाड टोक आत, चपटं टोक बाहेर, खाच खाली. डावंच होतं! कुण्या सिनियरनं चुकीचं अक्षर लिहिलं होतं आणि वर्षभर मी त्याच हाडावर उजवं-डावं शिकत होते. आई म्हणाली, "उद्याच देऊन टाक ते, घरात नको." परीक्षेपर्यंत राहू दे, म्हणून मी तिला कसंबसं मनवलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसली, दोन तास हलली नाही. बिचारी मनापासून "काहून?" विचारत होती, पण कुठेही. जे मला येत होतं तिथेही. मी पुन्हा अडखळायला लागले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच.

मी पास झाले. चांगल्या मार्कांनी. सेट पुढच्या बॅचमधल्या मुली मागत होत्या, तो मी कुणाला दिला नाही. कॉलेजच्या ॲनाटॉमी डिपार्टमेंटला परत केला. कूलरची घरघर, परीक्षेचं टेन्शन, माझ्याच मेंदूचे खेळ — सगळी कारणं लावून पाहिली. मला ठाऊक नसलेलं बरोबर उत्तर माझा मेंदू कुठून आणणार? 

पण एक गोष्ट बाबांनाही सांगितलेली नाही. तिसऱ्या दिवशी, परीक्षेला पाच दिवस असताना, मीच आईला म्हटलं, "तू जा खाली."

"नक्की वं?" तिनं विचारलं.

"हो. कडी लावून जा."

कडी लागल्याचा आवाज आला.  मी ते हाड उचललं, बोर्डाकडे तोंड केलं आणि म्हणाले, "करू सुरुवात?"

आणि मागून होकार येईपर्यंत थांबले.