बिबट्या, कुत्रा आणि माझी पाच एकर सोयाबीन

चहा होईपर्यंत सांगूनच टाकतो. नाहीतर तुम्हाला ते दुसरं कुणीतरी सांगेल, आणि आमच्या कळंब तालुक्यात दुसरा माणूस माझी फजिती माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगतो.

मी शेती करतो आणि जिल्ह्याच्या एका पेपरला गावाकडच्या बातम्या पाठवतो. बातमी कशी लिहावी याबद्दल माझं एक मत होतं. होतं म्हणतोय, लक्षात घ्या. मला वाटायचं, बातमीत गंमत पाहिजे. सगळं पहिल्याच ओळीत सांगून टाकलं तर माणूस पुढं कशाला वाचेल? म्हणून मी मुद्द्याची गोष्ट नेहमी शेवटच्या ओळीसाठी राखून ठेवायचो. आमचे संपादकसाहेब दोनदा रागावले होते. मी मनात म्हटलं, यांना लिखाणातलं काय कळतंय.

तर मागच्या सोयाबीनच्या टायमाला गावाजवळच्या ओढ्यात मोठाले ठसे सापडले. येडशीचं अभयारण्य आमच्यापासून काही फार लांब नाही, त्यामुळं बिबट्या म्हटलं की लोकांना लगेच पटतं. मी गाडीवर गेलो. वनरक्षकही आले. त्यांनी खाली बसून ठसे बघितले आणि मला बोटानं दाखवलं, की प्रत्येक बोटापुढं नखाची खूण आहे. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, त्यांची खूण अशी उमटत नाही. हा कुत्रा आहे, चांगला दांडगा कुत्रा. विषय संपला.

माझ्यासाठी मात्र विषय तिथं सुरू झाला. घरी येऊन बातमी लिहायला बसलो. ओल्या मातीतले ठसे लिहिले, ओढ्याकाठची शांतता लिहिली, गावकऱ्यांच्या उरातली धडधड लिहिली. आणि सगळ्यात शेवटी, अगदी खालच्या दोन ओळींत, वनरक्षकांनी सांगितलेला कुत्रा सोडला. वाचून मीच खूश झालो.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. माझं नाव, चार कॉलम मथळा आणि झाडावर बसलेल्या बिबट्याचा रंगीत फोटो. फोटोखाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘संग्रहित’. हॉटेलात चारजणांनी पाठ थोपटली. मी नाव वाचलं, मथळा वाचला, फोटो बघितला. बातमी कशाला वाचू? मीच तर लिहिली होती.

घरी आलो तर बायको म्हणाली की कांताबाईची टोळी आज आपल्या रानात आलीच नाही.

कांताबाई म्हणजे आमच्याकडं सोयाबीन काढणाऱ्या बायांची म्होरकी. माझी पाच एकर सोयाबीन वाळून खडखडीत झालेली, शेंगा तडकायला लागलेल्या. दोन-तीन दिवस गेले असते तर सगळे दाणे जमिनीत. वरून पावसाचा अंदाज. मी तसाच तिच्या घरी गेलो. तर सगळ्या बाया ओसरीवर, आणि मधोमध आमचाच पेपर.

“भाऊ, बिबट्याचं तुमीच लिवलंय न्हवं?” कांताबाईनं विचारलं.

“लिहिलंय. पण तो कुत्रा होता. खाली लिहिलंय बघा.”

तिच्या सुनेनं पेपर माझ्यापुढं धरला. खाली कुत्रा नव्हता. खाली एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात होती. जाहिरातीला जागा कमी पडली म्हणून ऑफिसातल्या लोकांनी माझ्या बातमीचं शेपूट कापलं होतं. बातमी नेहमी खालूनच कापतात. हे मला ठाऊक नव्हतं का? दहा वर्षं ठाऊक होतं.

“त्यांनी कापलंय ते,” मी म्हणालो.

“मग कापल्यालं आमी कसं वाचावं?” कांताबाई शांतपणे म्हणाली. “तवा खोटं लिवलाव का आता खोटं बोलायलाव, तेवढं सांगा. म्हंजी आमाला ठरवाया बरं.”

लाज वाटली मला, खरंच सांगतो. ओसरीवरून खाली बघत उठलो आणि घरी येऊन लगोलग खुलासा पाठवला. या वेळी पहिल्याच ओळीत कुत्रा घातला. खुलासा आला, आतल्या पानावर, कोपऱ्यात. मथळा असा, की बिबट्या नसल्याचा वनविभागाचा दावा. कांताबाईच्या सुनेनं तो सगळ्यांना वाचून दाखवला आणि वर निकालही दिला, की आता सरकार झाकायलंय, म्हणजे एक नसून दोन असतील.

शेवटी मी हात जोडले. कांताबाईला दया आली. तिनं एकच अट घातली. बाया येतील, पण काढणी होईपर्यंत मी स्वतः बांधावर उभं राहून थाळी वाजवायची, म्हणजे जनावर असलंच तर जवळ येणार नाही.

शेंगा तडतड करत होत्या. मी अट मान्य केली.

दोन दिवस, मंडळी. डोक्याला टॉवेल, हातात जर्मनची जुनी थाळी आणि उलथनं. जो कुत्रा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, त्याला मी बिबट्या समजून हाकलत होतो. थांबलो की कांताबाई मान वर करायची, मी पुन्हा सुरू. काढणी मात्र झाली, दाणा न दाणा घरी आला. त्यातल्याच दुसऱ्या दिवशी, मी थाळी बडवत असताना, रस्त्यावर आमच्या फोटो स्टुडिओवाल्यानं गाडी उभी केली. पन्नाशीचा माणूस, हल्ली यूट्यूबवर बातम्या देतो. त्यानं लांबून मोबाईल वर केला. मला वाटलं हात दाखवतोय. मीही थाळी उंच धरून हलवली.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या तालुक्यात. जीव मुठीत धरून सोयाबीन काढणारा शेतकरी! शेजारच्या तीन गावांत बायांनी रानात जायचं बंद केलं. माझा खुलासा चाळीस ओळींचा होता, पण माझ्या थाळीपुढं त्याचं काय चालणार?

तेवढ्यात संपादकसाहेबांचा फोन. आवाजात कधी नव्हे तो उत्साह. आपली पहिली बातमीच खरी निघाली म्हणाले, व्हिडिओ आलाय, तुमच्याच भागातला दिसतो, तो थाळीवाला शेतकरी शोधा आणि त्याची मुलाखत पाठवा.

“साहेब, ओळखतो मी त्याला,” मी म्हणालो. “पण त्याच्या बोलण्यावर गावात कुणीच विश्वास ठेवत नाही.”

“मग बोलणं राहू द्या,” साहेब म्हणाले. “फोटो तेवढा पाठवा.”