पालखीचा पुढचा खांदा

मारुतीवर रुसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आमचे मुर्धा गावातले घरमालक दशरथकाका. लालबागची खोली सोडून आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो, ते साल पंच्याण्णव. काकांनी तरुणपणी मिठागरात मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या. आता मिठागर बंद, भातशेती सुटलेली, आणि काका ओटीवर बसून बसून ओटीएवढेच रुंद झालेले.

हनुमान जयंतीला गावात मारुतीची पालखी निघते. तिच्या पुढच्या दांडीला खांदा देण्याचा मान काकांच्या घराचा, आज्यापासून चालत आलेला. पालखी दारात आली की घरची बाई आधी वाहणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालते, मग देवाला ओवाळते. त्या वर्षी तळ्याकाठच्या चढावर काकांना धाप लागली, पालखी कलली, आणि चुलतभाऊ लवूने धावत येऊन खांदा घेतला. दारात हंसाकाकूंनी लवूच्या पायांवर पाणी घातलं. काका मागून एकटेच आले. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

गावकऱ्यांनी ठरवलं, पुढच्या जयंतीला काकांना जमलं तर ठीक, नाहीतर मान कायमचा लवूच्या घरी. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, वजन उतरवा.

काकांनी मारुतीला साकडं घातलं आणि शनिवार धरला. मग मंगळवार, मग चतुर्थी, मग एकादशी. काकूंच्या उपासाच्या ताटाबद्दल काय सांगू! तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, वर गुळातली रताळी. उपाशी माणसाला अशक्तपणा येऊ नये म्हणून आग्रह वेगळाच. दिवाळीत काट्यावर उभे राहिले, तर वजन वाढलेलं.

"येवढं उपाशी ऱ्हायलो, तरी ह्यो ऐकत न्हाय," म्हणत काकांनी देवळात जाणंच सोडलं.

डॉक्टरीणबाईंना उपासाचं ताट कळलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. "काका, एवढ्यात दोन माणसं जेवतील. मारुती बिचारा काय करणार?"

मलाही हसू आवरेना. काका मात्र हसले नाहीत. घरी येऊन ओटीवर बसताना म्हणाले, "खरं हाय. देवाला मी काय दिलं? खिचडी केली, ती पन मीच खाल्ली."

त्या शनिवारी त्यांनी साधी भाकरी मागितली, तीही अर्धी. उपास मोडला, आता देव कोपणार, म्हणून काकू रडल्या. काकांनी ऐकलं नाही. पहाटे ते मिठागराच्या जुन्या बांधावर चालायला निघाले, अनवाणी, कारण पालखी अनवाणीच वाहायची असते. पहिल्या दिवशी अर्ध्यातच बसकण मारली.

"काका, रिक्षा बोलवू का?" मी चिडवलं.

"बोलव. तुला बसवतो आन मी ढकलतो."

मी चार दिवस सोबत गेलो आणि थंडीचं निमित्त करून पांघरुणात शिरलो. हा गडी मात्र हटला नाही. पुढे पुढे तर खांद्यावर ओल्या मातीची पाटी घेऊन चालायचे. पुन्हा देवळातही जाऊ लागले. मी विचारलं, आता काय मागता?

"मागत न्हाय. सांगतो, मी उठलोय, तू पन चल."

मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं. इतकी साधी प्रार्थना मला कधी सुचली नव्हती.

जयंतीला तळ्याच्या चढावर सगळा गाव श्वास रोखून उभा होता. लवू शेजारून चालत होता, हात तयार ठेवून. मध्यावर काकांची पावलं मंदावली. पण पालखी जराही कलली नाही, आणि एकेक पाऊल टाकत ते चढ चढून गेले.

दारात काकू कळशी घेऊन उभ्या होत्या. त्या खाली वाकल्या. काकांच्या टाचा फुटल्या होत्या, भेगांत बांधाची काळी माती भरली होती. पाणी घालून झालं, कळशी रिकामी झाली, तरी काकू तळहाताने ते पाय चोळतच राहिल्या.

"वयनी, देव थांबलाय," लवू हळूच म्हणाला.

"थांबू दे," काकू मान वर न करता म्हणाल्या. "ह्ये येवढं चाललं त्याच्यासाठी. त्यो घटकाभर थांबंल."